थंडीचे पेव

हिवाळ्याच्या सुटीत चार दिवस तिसगावी जाऊन राहण्याचा आमचा नेम पुष्कळ वर्षांचा आहे. नगरहून पाथर्डीस जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे गाव. जवळच गर्भगिरीचे उघडेबोडके डोंगर, त्यांच्या कुशीत वृद्धेश्वर आणि मढी ही नाथपंथीयांची स्थाने, आणि भोवती हुरड्यास आलेला शालू. गेल्या पौषात आमचा एक पुतण्या सहकुटुंब हुरड्यास आला होता. तो उन्हाळ्यात युरोपचा प्रवास करून परतलेला. शेकोटीभोवती सगळे बसले असता त्याने तिकडच्या हिमगुहांची छायाचित्रे मोबाइलवर दाखविली. निळ्या काचेसारख्या भिंती, बर्फाचे खांब आणि त्यांतून खेळविलेला दिव्यांचा प्रकाश पाहून मुले हुरडा खाण्याचे विसरली. पुतण्या म्हणाला, "काका, असं काही पाहिलं म्हणजे डोळ्यांचं पारणं फिटतं. आपल्याकडे काय आहे? बोरी, बाभळी आणि दगड! शिवाय तिथली सोय पाहा. वर्षातल्या कोणत्याही दिवशी जा; आगगाडी थेट डोंगराच्या पोटात नेऊन सोडते. आपल्याकडच्या गुहा-लेण्यांना असं कधी होणार?"

हे उद्गार एकट्या आमच्या पुतण्याचे असते, तर आम्ही त्यांस शेकोटीतच सोडून दिले असते. परंतु आपला सर्व सुशिक्षित मध्यमवर्ग हल्ली याच भाषेत बोलतो, आणि प्रवासाची आखणी करताना याच तत्त्वावर पैसे खर्च करतो, म्हणून त्यांचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. या बोलण्यात दोन विधाने आहेत. पहिले असे की, आपल्या मुलखात बर्फ नाही, सबब येथे पाहण्याजोगे काही नाही. हे केवळ अज्ञान होय. ते थोड्या वाचनाने आणि थोड्या पायपिटीने दूर होईल. दुसरे विधान असे की, जे जे अद्भुत म्हणून पृथ्वीवर आहे ते ते बाराही महिने, विनासायास, पैसे मोजणाऱ्या प्रत्येकास पाहावयास मिळाले पाहिजे. हे मात्र अज्ञान नव्हे; हा हव्यास आहे, आणि तो ज्या वस्तूवर जडतो तिचाच घात करतो. हिमगुहेच्या बाबतीत हा घात कसा होतो ते येथे सांगावे, असा आमचा हेतू आहे.

त्या रात्री शेकोटीजवळ आमच्या वाट्याचे एक वृद्ध शेतकरी बसले होते. चित्रे त्यांनीही पाहिली, आणि मग पुतण्यास त्यांनी एकच प्रश्न केला: "उन्हाळ्यात गेला होता ना तुमी? मग त्यो बर्फ विरघळला कसा न्हाई?" तिकीट काढून गुहा पाहून आलेल्या आमच्या पदवीधर मंडळींपैकी एकाच्याही मनात हा प्रश्न आला नव्हता. आम्ही त्यांस म्हणालो, "बाबा, ते थंडीचे पेव आहे."

पेव म्हणजे काय, हे शहरातील वाचकांच्या नव्या पिढीस कदाचित सांगावे लागेल. जमिनीत खोल खड्डा खणावयाचा, तोंड अरुंद व पोट मोठे ठेवावयाचे, आत धान्य भरून तोंड दगडमातीने लिंपून टाकावयाचे, म्हणजे ते धान्य दीर्घकाळ टिकते. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे याकरिता प्रसिद्ध आहेत. अनेक हिमगुहांची घडण अशीच असते. गुहेचे तोंड वर आणि पोट खाली असले, म्हणजे हिवाळ्यातील गार हवा जड असल्याने आत उतरते आणि तळाशी साठते. उन्हाळ्यात बाहेरची हवा तापून हलकी होते. ती वरच्या वर तरंगते, खाली उतरून आतल्या थंडीस हुसकावू शकत नाही. अशा गुहेत खडकातून झिरपणारे पाणी गोठते, आणि एका हिवाळ्याची शिल्लक दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत पुरते. स्लोव्हाकियातील दोब्शिना येथील गुहा या जातीची आहे. १८७० साली तिचा शोध लागला. तिच्या मुखाची उंची समुद्रसपाटीपासून अवघी सुमारे ९७० मीटर, म्हणजे आमच्या महाबळेश्वराहूनही कमी. तथापि तिच्यात काही ठिकाणी २५ मीटरांहून अधिक जाडीचा बर्फ शेकडो वर्षे साठून राहिला आहे.

दुसरी जात धुराड्यासारखी असते. अशा गुहेस खाली एक आणि वर डोंगरात दुसरी वाट असते. हिवाळ्यात आतली हवा बाहेरच्या मानाने उबदार, म्हणून ती वर निघून जाते, आणि खालच्या तोंडाने बाहेरची कडाक्याची थंडी आत ओढली जाते. ऑस्ट्रियातील वेर्फेन गावाजवळची 'आइसरीझनवेल्ट' ही अशी गुहा होय. १८७९ साली आंटोन पोसेल्ट नावाच्या संशोधकाने तिच्यात प्रथम काही अंतर प्रवेश केला. तिची ज्ञात लांबी ४२ किलोमीटरांहून अधिक आहे. परंतु बर्फ केवळ तोंडाकडील पहिल्या एका किलोमीटराच्या आसपास आहे, कारण बाहेरच्या थंडीची धाव तेवढीच. तिसरी जात खडकातील नव्हे, तर हिमनदीच्या पोटातील. उन्हाळ्यात वितळलेले पाणी बर्फातून वाट कोरीत जाते, आणि हिवाळ्यात ती वाट रिकामी व कठीण होऊन गुहा बनते.

आता आमच्या जिल्ह्यात अशी गुहा का नाही, हे सांगण्यास पंडिताची गरज उरत नाही. तिसगावी पौषात पारा कित्येकदा दहा अंशांखाली उतरतो. पण पाणी गोठविण्याइतकी थंडी येथे महिनोन्‌महिने मुक्काम करीत नाही. पेव कितीही उत्तम खणले, तरी रास नसेल तर भरणार काय? महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या परिसरात काही हिवाळ्यांत गवतावरील दव गोठते आणि ते पाहावयास लोक पहाटे धावतात. परंतु सूर्य वर येताच तो सोहळा संपतो. यात मुलखाचे दारिद्र्य कोणते? ज्या मातीत शालू केवळ दवावर आणि जमिनीतल्या ओलीवर पिकतो, त्या मातीने बर्फही द्यावा, अशी अपेक्षा करणे म्हणजे बाभळीस आंबे मागणे होय.

असो. पेवाची उपमा आम्ही केवळ समजूत पटविण्याकरिता योजिली नाही; आमचा मुख्य मुद्दाच तिच्यात आहे. पेव वारंवार उघडावयाचे नसते, ही गोष्ट आमच्या आजोबांच्या पिढीस ठाऊक होती. उघडले की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि साठा बिघडू लागतो. शिवाय उघडल्याबरोबर आत उतरणारा मनुष्य कोंडलेल्या हवेने गुदमरून प्राणास मुकतो, म्हणून आधी काही काळ थांबण्याचा नियम. किती वेळा उघडावे, केव्हा उघडावे आणि कोणी आत उतरावे, या तीन मर्यादांवर पेव टिकते. हिमगुहेच्या मर्यादाही याच तीन आहेत, आणि आमचा बारमाही प्रवासी या तिन्ही मोडण्यासच प्रगती म्हणतो.

प्रथम संख्येचा विचार करू. स्वस्थ बसलेल्या मनुष्याच्या देहातून सुमारे १०० वॅट उष्णता सतत बाहेर पडते. चालणाऱ्याच्या देहातून त्याहून अधिक. शून्य अंशावरील एक किलो बर्फ वितळण्यास ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. आता त्रैराशिक मांडा: एक मनुष्य एका तासात ३६० किलोज्यूल उष्णता टाकतो. ती सगळीच बर्फास लागत नाही हे खरे. पण लागली, तर किलोभराहून थोडा अधिक बर्फ पाणी होऊन जाईल. एक प्रवासी गेला तर गुहेस त्याची खबरही लागत नाही. दररोज हजार गेले, तर त्यांनी आत एक शेगडी पेटवून ठेवल्यासारखेच होते; फरक इतकाच की, शेगडी हातात घेऊन आत शिरणारास आपण हटकतो, आणि तिकीट हातात घेऊन शिरणारास नमस्कार करतो.

हे आमच्या कल्पनेचे खेळ नव्हेत. पुतण्याने दाखविलेल्या चित्रांतील सर्वांत मनोहर चित्र स्वित्झर्लंडातील युंगफ्राउयोख येथील हिमप्रासादाचे होते. हे ठिकाण ३,४५४ मीटर उंचीवर आहे, आणि १९१२ पासून तेथे आगगाडी जाते. परंतु ही गुहा निसर्गाने घडविलेलीच नाही. १९३०च्या दशकात ती वाटाड्यांनी हिमनदीत हातांनी कोरून काढली. आणि हल्ली तेथे येणाऱ्या असंख्य प्रवाशांच्या अंगच्या उबेने ती वितळू नये, म्हणून यंत्राने हवा थंड करून तपमान शून्याखाली सुमारे तीन अंशांवर राखावे लागते. म्हणजे आमच्या चिरंजीवांनी निसर्गाचा चमत्कार म्हणून जे पाहिले, ते प्रवाशांपासून प्रवाशांसाठी यंत्राने वाचविलेले बर्फाचे दालन होते! फ्रान्समध्ये शामोनीजवळच्या हिमनदीत दरवर्षी नवी गुहा कोरतात. हिमनदी इतकी खचत चालली आहे की, गुहेशी उतरण्याकरिता बांधलेल्या पायऱ्यांत वेळोवेळी भर घालावी लागली आणि त्यांची संख्या पाचशेच्या घरात गेली. ऱ्होन नदीच्या उगमापाशी अशीच एक कोरीव गुहा आहे. तिच्यावरचा बर्फ उन्हाळ्यात पांढऱ्या कांबळ्यांनी झाकून ठेवतात. आजाऱ्याचे अंथरूण करावे तसे हिमनदीचे अंथरूण केलेले पाहून ज्यास विषाद वाटत नाही, त्याने खुशाल तिकीट काढावे.

आता ऋतूची मर्यादा. गंमत अशी की, हिमगुहांच्या जाती निरनिराळ्या असल्याने त्यांचे ऋतूही परस्परविरुद्ध आहेत. ऑस्ट्रियातील ती धुराडेवजा गुहा हिवाळ्यात बंद असते, आणि मे ते ऑक्टोबर एवढाच काळ उघडते. पाहणारांची पाळी उन्हाळ्यात, आणि हिवाळ्याचे महिने गुहेचे स्वतःचे. आत विजेचे दिवे लावलेले नाहीत. प्रवाशांच्या हाती कार्बाइडचे कंदील देतात. उलटपक्षी हिमनदीतील गुहेत शिरावयाचे तर ते भर हिवाळ्यात, बर्फ कठीण असतानाच. ही शिस्त मोडली म्हणजे काय होते, ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये आइसलंडात दिसले. त्या देशाच्या दक्षिणेकडील एका हिमनदीत वीस-पंचवीस प्रवाशांची तुकडी ऐन उन्हाळ्यात हिमगुहा पाहावयास नेली होती. बर्फ कोसळला आणि एक अमेरिकन प्रवासी प्राणास मुकला. हिवाळ्याचे कौतुक उन्हाळ्याच्या रजेत उरकून घेण्याची ही घाई कोणाची? आमच्यासारख्याच सुशिक्षित, सुखवस्तू प्रवाशांची.

कोणी म्हणेल, युरोपच्या गोष्टी युरोपात. तर मग घरच्याच उदाहरणाकडे वळू. भारतातील सर्वांत प्रसिद्ध हिमगुहा म्हणजे काश्मिरातील अमरनाथ. ३,८८८ मीटर उंचीवरील त्या गुहेत छतावरून ठिबकणारे पाणी गोठून जे हिमलिंग उभे राहते, ते लक्षावधी मराठी कुटुंबांच्या श्रद्धेचा विषय आहे. त्या श्रद्धेस धक्का लावण्याचा आमचा लवमात्र उद्देश नाही. उलट आम्ही तिच्याच वतीने बोलत आहो. ज्या परंपरेने हे स्थान आम्हांस दिले, तिने त्याचा काळही ठरवून दिला होता: यात्रेची सांगता श्रावणी पौर्णिमेस. आज यात्रेचा काळ महिना-दीड महिना असतो. २०२४ साली तो ५२ दिवसांचा होता. १९९६ च्या ऑगस्टमध्ये अकाली हिमवादळात दोनशेंहून अधिक यात्रेकरू मृत्युमुखी पडले. त्यानंतर नेमलेल्या नीतीश सेनगुप्ता समितीने यात्रेकरूंच्या संख्येस मर्यादा घालावी, अशी शिफारस केली. त्या शिफारशीनंतर पंधरा वर्षांनी, म्हणजे २०११ साली, दर्शन घेणारांची संख्या सहा लाखांच्या वर गेली.

आणि हिमलिंगाचे काय झाले? २००६ साली ते नीटसे आकारास आले नाही, आणि कृत्रिम बर्फ वापरल्याच्या आरोपावरून देशभर वादळ उठले. २०२४ साली यात्रा सुरू झाल्यास जेमतेम आठवडा लोटला असेल नसेल, तोच हिमलिंग विरून गेले. पुढील सहा आठवडे यात्रेकरू रिकाम्या पीठाचे दर्शन घेत राहिले. यात दोष वाढत्या उन्हाळ्याचा आणि उण्या पडलेल्या बर्फाचा मोठा आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु ज्याच्या घरी आधीच दुष्काळ आहे, त्याच्याकडे पंक्तीस अधिक पाने मांडावयाची, की कमी? बर्फ उणा पडू लागला, तर गर्दीही उणी केली पाहिजे, हा साधा हिशेब. आम्ही मात्र तो उलटा मांडतो. आठवड्यातच देव अंतर्धान पावतो, आणि आम्ही त्यावर उपाय शोधतो तो पुढच्या वर्षी पहिल्या आठवड्यातच जाण्याचा.

आता आमच्यावर जे आक्षेप येतील, त्यांस उत्तर देणे क्रमप्राप्त आहे. पहिला आक्षेप: 'ही उच्चभ्रूंची भाषा आहे. तुम्ही पाहून घेतले, आता दरवाजा लावून घेता.' आम्ही उलट विचारतो, दरवाजा कोण लावतो? डोंगरावर आगगाडी, गुहेजवळ हेलिकॉप्टर, या सोयी कोणासाठी असतात? ज्याची थैली जड त्याच्यासाठी. ऋतू आणि पायवाट हे दोनच द्वारपाल असे आहेत की, ज्यांस लाच देता येत नाही. मढीच्या यात्रेस होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत निरनिराळ्या जातीजमातींचे लोक येतात. काळ सर्वांस एकच. मर्यादा ऋतूची असली म्हणजे ती राव-रंक दोघांस सारखीच लागते. मर्यादा किमतीची असली म्हणजे ती रंकासच लागते.

दुसरा आक्षेप: 'वृद्धांनी व अपंगांनी काय करावे?' हा आक्षेप खरा आहे, आणि आम्ही तो टाळीत नाही. पन्नाशी उलटल्यावर आमचेही गुडघे चढ पाहून कुरकुरू लागले आहेत. ज्यास पाय नाहीत त्यास डोली आहे, पालखी आहे, घोडा आहे. मनुष्याने मनुष्यास उचलून नेण्याची वहिवाट या देशात जुनी आहे, आणि तीस आमची ना नाही. परंतु धडधाकट पन्नास जणांनी एका आजोबांचे नाव पुढे करून स्वतःसाठी यंत्राची वाट मागावी, हा व्यवहार प्रामाणिक नव्हे. शिवाय सर्वांनी सर्व काही पाहिलेच पाहिजे, हा नियम कोणी घालून दिला? आमचे पुष्कळ पाहावयाचे राहून गेले. त्यात आमच्यावर अन्याय झाला, असे आम्हांस वाटत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत बळकट: 'प्रवासी गेले नाहीत तर डोंगरातील माणसांनी खावे काय?' येथे झांस्करचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. लडाखातील झांस्कर नदी हिवाळ्यात गोठते, आणि तिच्या बर्फाच्या पाठीवरून, रात्री काठच्या गुहांत आसरा घेत, झांस्करी लोक पिढ्यान्‌पिढ्या लेहच्या बाजूस लोणी विकावयास आणि मुलांस शाळेत पोचवावयास जात आले. या वाटेस 'चादर' म्हणतात. गेल्या काही दशकांत तिची कीर्ती पसरली, आणि पुण्या-मुंबईचे गिर्यारोहकही जानेवारी-फेब्रुवारीत तेथे जाऊ लागले. त्यामुळे झांस्करी वाटाड्यांस हिवाळ्यात चार पैसे मिळू लागले, हे चांगलेच झाले. २०२४ च्या मार्चमध्ये निम्मू-पदुम-दारचा हा रस्ताही जोडला गेला. तेथील माणसांस दवाखाना व शाळा गाठण्यास तो हवाच होता, आणि त्याबद्दल आम्ही त्यांचे अभिनंदनच करतो. पण यातून निघतो तो बोध आमच्या आक्षेपकांच्या विरुद्ध आहे. झांस्करी वाटाड्यास मजुरी मिळते, ती बर्फ टिकला आणि प्रवासी पायी चालला तोवरच. मोटार दारात नेऊन सोडू लागली, की वाटाडा, हमाल आणि गुहेतली शेकोटी या तिन्ही गोष्टी हिशेबातून वजा होतात. गर्दीने स्थळ नासले, म्हणजे प्रवासी दुसऱ्या स्थळी निघून जातो. उपासमार होते ती मागे राहणाराची.

इतका वेळ आम्ही दुसऱ्यांस दोष दिला. आता स्वतःचा सांगतो, नाहीतर हा लेख लिहिण्याचा आम्हांस अधिकार पोचणार नाही. तिसगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडील अंगास. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगड आहे. चौदाशे मीटरांहून उंच असा हा डोंगर. त्यावर हरिश्चंद्रेश्वराचे प्राचीन मंदिर, आणि त्याच्या अलीकडे ओढ्याच्या काठी केदारेश्वराची गुहा. गुहेत कमरेइतक्या पाण्यात एक भव्य शिवलिंग, भोवती चार खांबांची मांडणी. पैकी तीन खांब भंगले आहेत आणि एकच उभा आहे. ऊन आत पोचत नाही, आणि हिवाळ्यात सकाळी त्या पाण्यात पाय घातला की हाडापर्यंत कळ जाते. तेथे बर्फ नाही. तथापि आमच्या जिल्ह्याची हिमगुहा कोणती असे कोणी विचारले, तर आम्ही याच गुहेकडे बोट दाखवू.

पुष्कळ वर्षांपूर्वी, डिसेंबरच्या एका सकाळी, आम्ही आमच्या चाळीस विद्यार्थ्यांस घेऊन तेथे गेलो. पाणी इतके निवळ होते की तळाचा दगडन्‌दगड दिसत होता. आम्ही काव्यशास्त्राचे अध्यापक. त्या नितळपणावर आम्ही दोन वाक्ये बोललो, आणि मग चाळीसही जणांस पाण्यात उतरण्याची मोकळीक दिली. मुले ओरडत, एकमेकांवर पाणी उडवीत लिंगाभोवती फिरली. आम्हीही धोतर खोचून उतरलो. अर्ध्या तासाने बाहेर आलो, तेव्हा पाणी ओढ्याच्या पहिल्या पुरासारखे गढूळ झाले होते.

बाहेर कातळावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पायथ्याच्या पाचनई गावातून पूजेसाठी आले असावेत. हाती तांब्या आणि रानफुले. किती वेळ बसले होते, देव जाणे. आम्ही ओशाळून म्हणालो, "बाबा, जा आता आत, आमचे झाले." ते शांतपणे म्हणाले, "जाऊ द्या मास्तर. बसतो वाईच. पानी बसाया येळ लागतो." त्यांनी आम्हांस दोष दिला नाही, दिला असता तर तो आम्ही वादात परतविलाही असता. आम्ही गड उतरू लागलो तेव्हाही ते तेथेच बसलेले होते. त्या दिवशी विद्यार्थ्यांस काय शिकविले याचा हिशेब आम्ही करू लागलो, तो आजतागायत जमेच्या बाजूस काही दिसत नाही. आमच्याजवळ निवळ पाण्याचे वर्णन होते. त्यांच्याजवळ ते पाणी निवळू देण्याचा धीर होता. दोहोंत विद्या कोणती, हे सुज्ञ वाचकांनीच ठरवावे.

तेव्हापासून आमचे मत बनले आहे, आणि ते आम्ही येथे आडपडदा न ठेवता मांडतो. हिमगुहा असो, चित्रलेणे असो, की डोंगरातले गार पाण्याचे कुंड असो, ज्याचे सौंदर्य त्याच्या निवांतपणावरच जगते, तेथे पाहणारास हक्क नसतो. त्यास केवळ परवानगी असते. फ्रान्समधील लास्को गुहेतील आदिमानवाची चित्रे १९४८ साली लोकांस पाहण्यास खुली झाली, आणि माणसांच्या श्वासाने बिघडू लागल्यामुळे १९६३ साली ती गुहा बंद करावी लागली. म्हणजे हजारो वर्षे जे टिकले, त्यास पंधरा वर्षांचे कौतुक सोसले नाही. ज्या राष्ट्राने ती बंद केली त्याने आपली संस्कृती बुडविली, असे कोणी म्हटलेले आम्ही ऐकले नाही. मग आमच्याकडेच संख्येचा शब्द काढला की तो धर्मावर, नाहीतर लोकशाहीवर घाला कसा ठरतो?

यास्तव आमचे मागणे थोडके आहे. प्रत्येक स्थळास त्याचा ऋतू असावा आणि तो ऋतू स्थळाच्या प्रकृतीवरून ठरावा, आमच्या रजांवरून नव्हे. आत जाणारांची संख्या मोजलेली असावी, आणि ज्या वर्षी बर्फ किंवा पाणी उणे, त्या वर्षी संख्याही उणी असावी. शेवटची वाट पायांची असावी. अपवाद ज्यांस पाय नाहीत त्यांचा. पाण्यात, बर्फावर किंवा चित्राजवळ जाण्याऐवजी उंबऱ्यावर उभे राहून पाहणे, यास कमीपणा मानू नये. हे नियम सरकारने करावेत हे तर खरेच. परंतु सरकारने केलेला नियम मोडण्यात ज्या वर्गास कर्तबगारी वाटते, तो आपलाच वर्ग आहे, म्हणून आम्ही आधी घराघरांतील वडीलधाऱ्यांस विनवितो. प्रवासास निघण्यापूर्वी मुलांस 'कोठे जायचे' हे सांगतोच. 'ते तेथे कशामुळे टिकले आहे' हेही सांगावे. ज्या मुलास उत्तरार्ध कळला, ते मूल पाण्यात उडी घेण्यापूर्वी क्षणभर थांबेल.

हुरड्याच्या त्या रात्री हे सारे आम्ही बोललो नाही. शेकोटीस इतके सरपण नव्हते. परंतु केदारेश्वराची गोष्ट सांगितली. पुतण्या काही बोलला नाही. त्याची दहा वर्षांची मुलगी मात्र आमच्याजवळ सरकून म्हणाली, "आजोबा, ते पाणी आता बसलं असेल का हो?" आम्ही म्हणालो, "बसले असेल. पण आमच्यामागून आणखी किती मास्तर गेले असतील, ते कसे सांगावे?" येत्या हिवाळ्यात तिला आणि तिच्या वडिलांना पाचनईच्या वाटेने गडावर न्यावयाचे ठरले आहे. पायी जावयाचे, आणि पाण्याबाहेर उभे राहावयाचे.